अर्धी उरलेली बाटली

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा दुसरीत आहे. परवा शाळेतून एक डोळा लाल करूनच आला, आज दुसराही लाल. पाणी गळतंय, सकाळी पापण्या चिकटतात, पण दंगा चालूच आहे. सासूबाई म्हणतात, हळदीच्या पाण्यात भिजवलेल्या रुमालाने पूस आणि अंगावरच्या दुधाचे दोन थेंब सोड. यांना गेल्या वर्षी डोळे आले होते, तेव्हाची थेंबांची बाटली अर्धी उरलीय, ती चालेल का? दवाखान्यात कधी न्यायचं? नणंद बाळंतपणाला आलेली आहे, तिचं बाळ १८ दिवसांचं आहे. (एक वाचक, वाळवा तालुका)

उत्तर : ताई, हे छापून येईपर्यंत लेकाचे डोळे बहुतेक बरे झालेले असतील. बाळाचं मात्र थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून ते पत्राने आधीच कळवलंय.

पहिली गोष्ट बाटलीची. ती टाकून द्या. उघडलेले थेंब एरवीही महिन्याभरानंतर वापरायचे नसतात, पण मला धास्ती वेगळीच आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल असं काही दिसलं, तर ते स्टेरॉइड. त्याने लाली झटकन उतरते, म्हणून लोक अशी बाटली जपून ठेवतात, शेजारीपाजारी देतात. लाली हर्पिसच्या विषाणूची असली, तर वरून डोळा निवळतो आणि बुबुळावरची जखम पसरत जाते. मागच्या हिवाळ्यात एक काका आले होते, मेहुण्याची बाटली दोन आठवडे घालून. "लाली गेली, पण धुकं जाईना," म्हणाले. जखम भरली, पण बुबुळावर डाग राहिला. त्या डोळ्याने त्यांना आजही पेपर वाचता येत नाही.

मुलाचे डोळे तुमच्या वर्णनावरून विषाणूचे वाटतात : पाण्यासारखा स्राव, आधी एक डोळा मग दुसरा, आणि सुरुवात शाळेतून. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तोवर पाणी उकळून गार करा, कापसाचा बोळा भिजवा आणि नाकाच्या बाजूने कानाकडे चिपडं पुसा. एका बोळ्याने एकदाच पुसायचं, मग तो थेट कचऱ्यात. दिवसातून तीन-चारदा मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवा. खुपत असेल तर औषधाच्या दुकानातले कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका. पाणी गळायचं थांबेपर्यंत शाळा नको.

सासूबाईंचा हळदीचा रुमाल मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट शहाणपणाची होती : हातात पिवळा रुमाल दिसला की समोरचा माणूस चार हात लांब राहायचा. पण तोच ओला रुमाल दिवसभर दोन्ही डोळ्यांना लागतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या टॉवेलांशेजारी दोरीवर जातो. दूध मात्र अजिबात नको, मध-गुलाबपाणीही नको.

हा आजार हातांनी पसरतो. २०२३च्या जुलैत आळंदीत हजारोंचे डोळे आले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला नमुन्यांत एंटेरोव्हायरस सापडला. हा विषाणू मोठा चिवट, दाराच्या कडीवर, नळाच्या तोटीवर कित्येक दिवस तग धरतो. त्याच पावसाळ्यात माझ्याकडेही रांग लागली होती. प्रत्येक पेशंटनंतर मी साबणाने हात धुवत होते, आणि टेबलावरच्या ज्या पेनने लोक रजिस्टरमध्ये नाव लिहीत होते, तेच पेन उचलून चिठ्ठी लिहीत होते. चार-पाच दिवसांत माझाच डोळा आला. तेव्हा टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, आणि टीव्हीचा रिमोट, मोबाइलही पुसत चला. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण वापरा.

मुलाने बाळाला घ्यायचं नाही, त्या खोलीतही जायचं नाही. पहिल्या २८ दिवसांत बाळाचा डोळा लाल झाला, सुजला किंवा त्यातून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, मग रात्र असो की रविवार. अशा बाळाला जन्माच्या वेळी लागलेला संसर्ग असू शकतो आणि तो बुबुळ झपाट्याने खराब करतो. काजळही घालू नका.

मुलाला लगेच न्यायचं ते अशा वेळी : उजेड सहन होईना, खुपण्यापलीकडे डोळा ठणकू लागला, पुसूनही अंधुक दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका आलाय, पुसल्यावर दहा मिनिटांत पुन्हा घट्ट पिवळा पू, पापणी सुजून ताप, किंवा आठवडा झाला तरी उतार नाही. घरात कुणी लेन्स वापरत असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा फवारणी करताना डोळ्यात औषध उडालं असेल, तर हे घरचे उपाय त्यांच्यासाठी नाहीत. औषध उडालं तर आधी पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

प्रश्न : काळा चष्मा लावला की दुसऱ्याला लागण होत नाही ना? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : नजरेने डोळे येत नाहीत, त्यामुळे चष्म्याने अडवायचं काय? ऊन टोचत नाही आणि डोळा चोळायला गेलेला हात काचेवर आपटतो, एवढाच फायदा. फक्त तो रूममेटला घालायला देऊ नका.