खटका दाबताच चाकूसारखा उघडणारा कंगवा मुलाने यात्रेतून आणला आहे. तो त्याच्याकडे राहू द्यावा का?

आपण विचारले आहे की, नववीत शिकणाऱ्या मुलाने माळेगावच्या यात्रेतून खटका दाबताच चाकूच्या पात्यासारखा झटकन बाहेर येणारा कंगवा आणला, काही दिवसांतच तो अडकू लागला आणि ‘पोलिसांनी पाहिला तर पंचाईत होईल’ असे शेजाऱ्यांनी सांगितल्यामुळे घरात वाद सुरू झाला. तेव्हा ही वस्तू कायद्यात बसते का, मुलाकडे ठेवावी का आणि ती दुरुस्त होते का. परभणीत आमचे कटलरीचे दुकान आहे. कंगवे, फण्या, बांगड्या आणि रिबिनी विकण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली असून हा खटक्याचा कंगवा मी विकलाही आहे आणि अनेकांना उघडून साफही करून दिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत असे की, कंगवा पूर्ण प्लास्टिकचा असेल तर तो मुलाकडे अवश्य राहू द्यावा, मात्र त्याची जागा घर हीच असावी. शाळेचे दप्तर, एसटी स्टँड, मिरवणूक किंवा मित्रांचा घोळका ही त्याची जागा नव्हे.

आधी कायद्याचे पाहू, कारण आपल्याला खरी काळजी त्याचीच दिसते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘शस्त्रे’ कशाला म्हणावे हे सांगितलेले आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडवलेल्या अथवा तशा वापरासाठी बदल करून घेतलेल्या वस्तू त्यात येतात. परंतु लाठी किंवा साधी हातकाठी यांसारख्या केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू आणि जी खेळण्यापलीकडे कशालाही उपयोगी पडू शकत नाहीत व ज्यांचे रूपांतर खऱ्या हत्यारात होऊ शकत नाही अशी हत्यारे त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. प्लास्टिकच्या मुठीतून प्लास्टिकचाच कंगवा बाहेर येत असेल, तर तो या शेवटच्या वर्गात बसतो हे उघड आहे. त्याला धार नाही, टोक नाही आणि त्याचा खरा चाकू करणे सोपे नाही.

रूपांतराचा हा मुद्दा मात्र पालकांनी नीट ध्यानात घ्यावा. बाजारात या कंगव्याचे दोन प्रकार येतात. एकात सगळे प्लास्टिकचे असते. दुसऱ्यात मूठ धातूची, खीळ जाड, स्प्रिंग दणकट आणि कंगवा पत्रा कापून केलेला असतो. हा दुसरा प्रकार हातात भारदस्त लागतो, म्हणून मुलांना तोच आवडतो. परंतु पत्र्याची पुढची कड किंवा टोक कोणी कानशीने घासले, अथवा कंगवा काढून त्या जागी पाते बसवले, तर ‘हे केवळ खेळणे आहे’ असे म्हणायला आधार उरत नाही. मी दुकानात धातूचा प्रकार ठेवणे यासाठीच बंद केले. आपल्या मुलाचा कंगवा धातूचा असेल, तर तो काढून घ्यावा आणि त्याऐवजी प्लास्टिकचा द्यावा, असे मी निःसंकोच सांगेन.

वस्तू निर्दोष असली तरी ती कोठे आणि कशी बाहेर काढली, याने फार फरक पडतो. आपल्याकडे सणावाराला, निवडणुकीच्या किंवा आंदोलनांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. ‘जिल्ह्यात शस्त्रबंदी व जमावबंदी’ अशा मथळ्याची बातमी नांदेड, परभणी, बीडच्या वाचकांना नवीन नाही. त्या आदेशांत तलवारी, भाले, सुरे, बंदुका, लाठ्या यांच्याबरोबरच शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी असते. प्लास्टिकच्या कंगव्याने सहसा इजा होत नाही हे खरे; पण बंदोबस्तावरच्या शिपायाला दहा हातांवरून दिसते ती काळी मूठ आणि खट् असा आवाज करून बाहेर आलेले काहीतरी लांबट. तो आधी मुलाचा हात धरणार आणि मग काय आहे ते पाहणार, आणि त्याने तसेच करावे, कारण ते त्याचे कामच आहे. कोणाला भीती घालण्यासाठी हा कंगवा रोखला, तर दोष वस्तूचा राहत नाही, कृतीचा होतो. धाकदपटशा हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे आणि हातातले हत्यार नकली होते, एवढ्यावरून सुटका होईल असे समजू नये. विमान प्रवासात हातातल्या सामानात नकली शस्त्रांनाही मनाई असते, म्हणून पुढेमागे कुटुंबासह विमानाने जाणे झाले तर कंगवा घरीच ठेवावा.

मुलांना या वस्तूचे एवढे वेड का, हेही समजून घ्यायला हवे, नाहीतर आपण उगाच रागावतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत खटक्याचा चाकू हा बिघडलेल्या तरुणांच्या टोळ्यांचे चिन्ह मानला जाऊ लागला. १९५८ साली तेथील संघराज्याने कायदा करून अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनने त्यांची निर्मिती व विक्री रोखली. त्याच काळातले ते तरुण केसांना भरपूर चोपडून ते मागे वळवत आणि खिशात कायम कंगवा बाळगत. चाकू आणि कंगवा या दोन्ही गोष्टी एकाच प्रतिमेत बसलेल्या असल्यामुळे पुढे त्यांची एकत्र गंमत झाली, यात नवल नाही. आपल्याकडे ती गंमत समजायला अमेरिकेची ओळख लागत नाही, कारण हिंदी चित्रपटांतल्या गुंडाच्या हातातला रामपुरी सगळ्यांनी पाहिलेला आहे. समोरचा दचकतो, मग कंगवा पाहून हसतो, आणि मुलाला त्या क्षणभर आपण कोणीतरी आहोत असे वाटते. चौदा-पंधराव्या वर्षी केसांकडे आणि रुबाबाकडे एकदमच लक्ष जाऊ लागते. त्यात वाईट काहीच नाही, आणि यात्रेत स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू वडीलधाऱ्यांनी जप्त केली की ती मित्राकडे लपते, एवढेच होते. त्यापेक्षा त्याला जवळ बसवून दोन गोष्टी पक्क्या सांगाव्यात: कंगवा कोणाच्याही अंगावर रोखून उघडायचा नाही, आणि लहान मुलांच्या व म्हाताऱ्या माणसांच्या समोर अचानक उघडायचा नाही. स्प्रिंगच्या जोराने येणारा प्लास्टिकचा कंगवासुद्धा डोळ्याला लागला तर मोठी इजा करू शकतो.

आता अडकण्याविषयी. हा कंगवा आतून अगदी साधा आहे आणि मला त्याची रचना मनापासून आवडते. मुठीच्या दोन फाकांमध्ये एका टोकाला खीळ असते, तिच्याभोवती कंगवा फिरतो. त्याच खिळीवर तारेची गुंडाळलेली स्प्रिंग बसवलेली असते. तिची एक शेपटी कंगव्याच्या बुडात आणि दुसरी मुठीच्या भिंतीला टेकलेली असते. कंगवा मिटताना ही तार पिळली जाते आणि तो पिळ साठून राहतो. खटक्याच्या खालच्या अंगाला एक बारीक दात असतो. कंगवा मिटला की तो बुडातल्या खाचेत बसून त्याला धरून ठेवतो. खटका दाबला की दात खाचेतून निघतो, पिळलेली तार मोकळी होते, कंगवा अर्धे वर्तुळ फिरून बाहेर येतो आणि तोच दात दुसऱ्या खाचेत पडल्यामुळे केस विंचरताना मिटत नाही. कंगवा मुठीतून सरळ पुढे येणाराही एक प्रकार असतो, पण यात्रेत बहुधा हा फिरणाराच मिळतो.

अडकण्याचे कारण आपल्याकडे बहुतेक वेळा तेल हेच असते. मार्गशीर्षात भरणारी माळेगावची यात्रा थंडीच्या दिवसांतली. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठू लागते, आणि त्या दिवसांत परभणी-नांदेडकडचा पहाटेचा पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. डोक्याचे तेल कंगव्यावरून खिळीपाशी उतरते, त्यात कोंडा, धूळ आणि तुटलेले केस मिसळतात आणि सकाळी त्याची मेणासारखी गच्च खळ तयार होते. स्प्रिंग बिचारी जोर लावते, पण कंगवा अर्ध्यावर थांबतो. दुपारी ऊन वाढल्यावर तोच कंगवा नीट उघडत असेल, तर दोष तेलाचाच आहे असे खुशाल समजावे.

उपाय घरच्या घरी होतो. कंगवा उघडून कोमट पाण्यात थोडी कपड्यांची पावडर टाकून काही वेळ भिजत ठेवावा. उकळते पाणी मुळीच वापरू नये, कारण प्लास्टिक वाकले की दात आणि खाच पुन्हा जुळत नाहीत. मग जुन्या दात घासायच्या ब्रशने खिळीच्या दोन्ही बाजू आणि खटक्याभोवतीची फट घासावी, आत गुंडाळलेला केस टाचणीने ओढून काढावा, पाणी झटकून सावलीत पूर्ण सुकवावे आणि खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. तेथे पुन्हा खोबरेल तेल घातले तर दुखणे परत येते. धुतल्यावर ओला कंगवा मिटून ठेवू नये, आतली तार गंजते.

एवढे करूनही कंगवा उघडल्यावर डुगडुगत असेल, तर खीळ सैल झालेली आहे. तेथे स्क्रू असेल तर किंचित आवळावा. रिव्हेट असेल तर घड्याळजीकडून हलक्या हाताने ठोकून घ्यावे, कारण घरच्या हातोडीने मूठच चिरते. तार तुटली असेल तर चांगला कारागीर दुसरी वळून देईल, परंतु कपड्यांच्या चिमट्यातली स्प्रिंग बसवण्याचा मोह मुलांना होतो, तो टाळावा. ती इतकी कडक असते की तिच्या जोराने प्लास्टिकची मूठ फुटते. खाचच झिजली असेल, म्हणजे बोट न लावता कंगवा खिशात आपोआप उघडत असेल, तर त्यावर इलाज नाही आणि तो टाकून द्यावा.

शेवटी कंगवा म्हणून त्याच्या गुणाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण मुलगा रोज त्यानेच केस विंचरणार असेल तर ते महत्त्वाचे आहे. मुठीत मावावा म्हणून हा कंगवा अरुंद आणि पातळ केलेला असतो, त्याचे दात आखूड असतात आणि साच्यातून काढल्यावर दातांच्या कडेला राहिलेली बारीक रेघ कोणी घासून काढलेली नसते. अंगठ्याचे नख दातांवरून हळूच फिरवून पाहावे. खरखर लागली तर तीच रेघ रोज मुलाच्या डोक्याची त्वचा ओरखडत असते आणि केसांची टोके फाडत असते. आखूड, सरळ केसांना तो चालून जातो. केस दाट किंवा कुरळे असतील तर मात्र रोजच्या वापरासाठी रुंद दातांचा साधा कंगवा घ्यावा, आणि घेताना हीच नखाची परीक्षा दुकानदारासमोर करावी. चांगला दुकानदार त्याला हरकत घेणार नाही.