अमेरिकेतल्या छोट्या गावात टीचर-कोच व्हायचंय म्हणतोस, तर हे वाच

अरे, मेसेज नीट वाचला. बीएस्सी गणित, बीएड, सात वर्षं इंदूरच्या प्रायव्हेट सीबीएसई शाळेत गणित, शिवाय अॅथलेटिक्सची टीम तुझ्याकडे, बायको बँकेत, मुलगी सहा वर्षांची, आणि एजंट म्हणतोय १२ लाख दे, अमेरिकेत 'स्पोर्ट्स कोच' म्हणून लावून देतो. लहान गावातल्या हायस्कूलात टीचर-कोचचं आयुष्य कसं असतं आणि यावं का, हे तू विचारलंस. मी पश्चिम कॅन्ससमधे साडेतीन हजार वस्तीच्या गावात हेच करते, अल्जेब्रा शिकवते आणि क्रॉस कंट्री (माळरानावरची लांब शर्यत) आणि ट्रॅक बघते, तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी एजंटला नाही म्हण. इथल्या सरकारी शाळेत नुसता कोच म्हणून परदेशातनं कोणी आणत नाही. कोचिंग हा टीचरच्या पगारावर मिळणारा वेगळा स्टायपेंड असतो, आमच्याकडे एका सीझनचे दोन-चार हजार डॉलर, बस. नोकरी मिळते ती विषयावर, आणि गणित, सायन्स, स्पेशल एज्युकेशनला लहान गावात माणसं मिळत नाहीत, म्हणून तुझा चान्स आहे तो गणितामुळे आहे, शिटीमुळे नाही.

व्हिसाचं म्हणशील तर माझा रस्ता तुला लागू नाही, मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, ग्रीन कार्ड झालं, मग इथलं लायसन्स काढलं. तुझ्यासाठी जे-वन टीचर व्हिसा, म्हणजे एक्स्चेंज प्रोग्रॅममधे ठरावीक वर्षं येऊन शिकवायचा. त्याला निदान दोन वर्षांचा फुलटाइम अनुभव लागतो, डिग्री इथल्या बॅचलरच्या बरोबरीची ठरावी लागते (तीन वर्षांची बीएस्सी एकटी बऱ्याचदा कमी पडते, बीएड जोडून इव्हॅल्युएशन करून घे), आणि स्पॉन्सर, म्हणजे हा प्रोग्रॅम चालवणारी संस्था, स्टेट डिपार्टमेंटच्या (इथलं परराष्ट्र खातं) यादीतला असावा लागतो, ती यादी ऑनलाइन आहे, एजंटचं नाव सोड, त्याच्या मागचा स्पॉन्सर कोण ते बघ. सरकारी फी म्हणजे सेव्हिसचे (सरकारी नोंदणीचे) २२० डॉलर आणि व्हिसाचे १८५, बाकी १२ लाख कशाचे ते त्यालाच विचार. इंटरव्ह्यूला मुंबईला जावं लागेल, अवंतिका एक्सप्रेस आहेच.

पण हे पक्कं डोक्यात ठेव की जे-वन म्हणजे स्थायिक होणं नाही. तीन वर्षं, वाढवून जास्तीत जास्त पाच, मग घरी. पुन्हा टीचर म्हणून याच व्हिसावर यायचं तर दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. 'नंतर भारतातनं पुन्हा एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा) येऊ' असं कोणी सांगत असेल तर २०२५च्या सप्टेंबरमधे बाहेरून आणायच्या नव्या एच-वन-बीवर १ लाख डॉलरची फी लावलीय, कुठली लहान शाळा भरणारे? म्हणून रामबागेतला फ्लॅट विकायचा विचार मनातनं काढून टाक.

आता आयुष्य. शाळा आठ ते सव्वातीन, साडेतीनला प्रॅक्टिस, सहाला घर, मग पेपर. ऑगस्टच्या मध्यापासून क्रॉस कंट्री, ५ किलोमीटर, टीमचे सात पळतात, पहिल्या पाचांचे नंबर मिळवायचे आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकले, त्यामुळे तुझा हिरो पहिला आला तरी पाचव्या पोराने दम सोडला तर सगळं गेलं, हे मला फार आवडतं. वसंतात ट्रॅक, आणि तिथे तू गडबडशील कारण हायस्कूलात १५०० आणि ३००० मीटर नाही, १६०० आणि ३२०० असतं, ४०० हर्डल्सऐवजी ३००. मीट, म्हणजे शाळाशाळांच्या स्पर्धा, बहुतेक शाळेच्या दिवशी, कधी दीड तास लांब, कधी तीन, आणि पिवळी बस कोचनेच चालवायची, मी लायसन्स काढलंय, आईला अजून खरं वाटत नाही. क्रिकेट विसर, न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमधे २००८ पासून आहे, इथे नावही काढत नाहीत. शुक्रवारी अमेरिकन फुटबॉल, आमच्याहून लहान शाळा अकराऐवजी आठ जणांची टीम खेळवतात, आणि त्या रात्री गणिताच्या मास्तरलासुद्धा गेटवर तिकिटं फाडायला किंवा नाचो विकायला उभं करतात. मॅच बघायला अख्खं गाव.

खरी कसोटी मार्कांची. कॅन्ससमधे आधीच्या सेमिस्टरला पाच विषय पास नसतील तर पोराला खेळता येत नाही, शिवाय आमची शाळा दर आठवड्याला ग्रेड बघते. आता तुझा सगळ्यात जोरात पळणारा मुलगा तुझ्याच अल्जेब्रात नापास होतोय, शनिवारी मीट, आणि त्याची आई गावातल्या एकुलत्या किराणा दुकानात काउंटरवर, दूध घ्यायला तिच्याकडेच जायचं. इंदूरला प्रिन्सिपल सांभाळून घेतात, कोणीतरी फोन करतं, 'बघा ना सर जरा'. इथे फोन कोणी करत नाही, बाई शांतपणे बिल करते, पण गाव बघत असतं की कोच म्हणून तू काय करतोस. मी त्या पोराला मंगळवार-गुरुवार सकाळी सातला बोलावते, मार्क मात्र जे आहेत तेच. एक-दोन सीझन लोक तोंड वाकडं करतात, मग त्यांचंच धाकटं माझ्याकडे पाठवतात.

आणि उठाबशा, कान धरणं, पाठीवर धपाटा, काही म्हणजे काही चालणार नाही. पोरगी पडली, डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी ती परत उतरत नाही, डॉक्टरची लेखी चिठ्ठी आल्याशिवाय तर नाहीच, कायदा आहे. मुलांना खासगीत मेसेज करायचा नाही, एकट्या पोराला गाडीत घ्यायचं नाही.

पैसे सांगते. आमच्याकडे नव्या माणसाला वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास. जे-वनवाल्याला पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर (पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्य विम्याची कपात) कापत नाहीत, तेवढे ७.६५ टक्के वाचतात. पण पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना आणि गाडीशिवाय इथे पान हलत नाही, त्यामुळे निदान दोन महिन्यांचा खर्च आणि जुन्या गाडीचे पैसे घेऊनच ये.

तू बायकोबद्दल एकच ओळ लिहिलीस, मला त्याचीच जास्त काळजी आहे. जे-टूवर, म्हणजे जे-वनवाल्याच्या बायको-मुलांच्या व्हिसावर, कामाची परवानगी अर्ज करून मिळते, पण महिने जातात, आणि मिळाली तरी गावात बँक एकच. इंदूरला तिची नोकरी, माहेर जवळ, सानंद संस्थेची मराठी नाटकं, इथे तू सकाळी सातला जाणार आणि मीटच्या दिवशी रात्री दहाला येणार, बाहेर वारा असा की दार उघडवत नाही, इंडियन दुकान विचिटाला, साडेतीन तास. माझ्या शाळेत फिलिपिन्सची एक टीचर जे-वनवर आहे, तिने नवरा-मुलांना पहिल्या वर्षी आणलंच नाही, आधी एकटी आली, मला तो हिशोब पटतो. बँकेत बिनपगारी रजा मिळते का ते बघा, राजीनामा नको.

तर माझं मत, गणिताचा टीचर म्हणून ये, पहिल्या वर्षी एकच सीझन कोचिंग घे, दोन मागितले तरी नाही म्हण, आणि पाच वर्षांनी परत जायचं हे धरूनच ये. हे पटत नसेल तर कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं बघ, तिथलं मला ठाऊक नाही.

शाळा इकडे साधारण फेब्रुवारी ते मेमधे माणसं घेतात, म्हणून देवी अहिल्या विद्यापीठातनं ट्रान्सक्रिप्ट आत्ताच काढायला लाग, त्यालाच वेळ जातो. फोन रविवारी कर, तुझे रात्रीचे आठ म्हणजे सध्या माझे सकाळचे साडेनऊ. बायकोलाही बसव फोनवर.