पोपट आवाज शिकतो, मग कोंबडा का नाही? 'गाण्याचं जनुक' असतं का?

असं एकच जनुक नाही. फरक मुख्यतः मेंदूतल्या जोडणीत आहे. कोंबड्याचं आरवणं उपजत असतं, बहिरा कोंबडाही नीट आरवतो. आवाज शिकणारे पक्षी तीनच गटांतले: गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड.

सर्वाधिक अभ्यास झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यावर झालाय. त्यात गातो फक्त नर. साधारण २५ ते ६५ दिवसांच्या वयात तो बापाचं गाणं ऐकून साठवतो, मग बडबडत सराव करतो आणि ९० दिवसांच्या आसपास गाणं पक्कं होतं. यासाठी मेंदूत दोन मार्ग आहेत. एचव्हीसी या मेंदूभागाकडून आरए या भागाकडे आणि पुढे कंठाच्या स्नायूंकडे जाणारा मार्ग प्रत्यक्ष गाऊन घेतो. एरिया एक्स आणि एलमॅन या दुसऱ्या दोन भागांमधून फिरणारा दुसरा मार्ग चुका करून बघायला लावतो. पिल्लाचा एलमॅन निकामी केला तर गाणं सुधारायचं थांबतं आणि अर्धवट अवस्थेतच गोठतं. प्रौढाच्या पक्क्या गाण्यावर मात्र लगेच फारसा परिणाम दिसत नाही.

आता जनुकं. फॉक्सपी२ हे माणसाच्या बोलण्याशी जोडलं जाणारं जनुक कोंबडीतही असतं, म्हणून त्याला 'गाण्याचं जनुक' म्हणणं चूकच. पण २००७ मध्ये पिल्लांच्या एरिया एक्समध्ये त्याचं प्रमाण कमी केल्यावर गाण्याची नक्कल अपुरी आणि सदोष झाली. म्हणजे प्रश्न जनुक आहे की नाही हा नसून ते कुठे, कधी, किती चालतं हा आहे. स्लिट१ हे चेतातंतूंना वाट दाखवणारं जनुक आरएमध्ये मंदावलेलं असतं, आणि गंमत म्हणजे माणसाच्या स्वरयंत्र हलवणाऱ्या मेंदूभागातही तसंच.