‘कल्की’चा दुसरा भाग: पाहुणे मोजण्यापेक्षा कर्णाचं देणं मोजा

तुमचे चार प्रश्न असे आहेत. दीपिका पदुकोण दुसऱ्या भागात नाही, मग तिच्या सुमतीचं, म्हणजे कल्कीला पोटात वाढवणाऱ्या आईचं, काय होणार? कल्की जन्मून मोठा झालेला दिसेल की बाळच राहील? खलनायक यास्किनने (कमल हासन) गांडीव उचललं, आता त्याला आवरणार कोण? आणि प्रभासचा भैरव म्हणजे कर्णाचाच पुनर्जन्म, तर मग त्याला नायक म्हणायचं की नाही? उत्तर लांबणार आहे. ‘कल्की २८९८ एडी’ हा सिनेमा ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे पूर्ण रसभंग आहे.

पक्की माहिती फार थोडी आहे. पहिला भाग २७ जून २०२४ ला आला आणि गोष्ट अर्ध्यावर सोडून संपला. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्माती संस्था वैजयंती मूव्हीजने दीपिका पुढच्या भागात नसल्याचं स्वतः जाहीर केलं. बाकी सुमती अमकी होणार, पाहुणा म्हणून तमका येणार, हे सगळं ‘सूत्रांकडून कळतं’ छापाचं. चहाबरोबर ठीक आहे, त्यावर तर्क बांधू नयेत. त्यापेक्षा दिग्दर्शक नाग अश्विनने पहिल्या भागात काय पेरलंय आणि ते महाभारतात कुठून उचललंय, हे बघितलं तर बरंच हाती लागतं.

सुरुवात अश्वत्थाम्यापासून करतो, कारण सिनेमाचा नियम तिथे उघड दिसतो. सौप्तिक पर्वात तो रात्री झोपलेल्यांना मारतो आणि नंतर उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. त्याबद्दल कृष्ण त्याला शाप देतो. सिनेमात त्याच शापाला जोडून एक काम येतं: पुढचा अवतार ज्या गर्भात येईल, तो गर्भ तू राखायचा. म्हणजे ज्याने गर्भ मारायला हात उचलला, त्यानेच गर्भाचा पहारेकरी व्हायचं. गुन्हा जसा, तशीच फेड. मूळ महाभारतात शापाची मुदत तीन हजार वर्षं आहे, त्या हिशेबाने हा माणूस केव्हाच सुटला असता. सिनेमाने त्याची शिक्षा जवळपास दुप्पट केली. का, तर हे काम उरलं होतं म्हणून.

माझं बालपण शहाद्याचं. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेली पोरं तळोद्याच्या वाटेने जाताना दिसायची. सातपुड्यातला तो डोंगर अश्वत्थाम्याचा मानतात. आजी सांगायची, तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो आणि डोंगरात वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो. यातलं दुसरं वाक्य मला तेव्हा कळायचं नाही. शाप भोगणारा माणूस लोकांना वाट कशाला दाखवेल? अमिताभ बच्चन धुळीने माखलेल्या अंगाने उठून सुमतीच्या पुढे उभा राहतो, तिथे थिएटरात बसल्या बसल्या मला आजीचं वाक्य कळलं. असो, विषयांतर झालं.

आता हाच नियम कर्णाला लावा. कर्णाचा सगळ्यात मोठा गुन्हा कोणता? अर्जुनाचा द्वेष नव्हे, आणि गुरूशी खोटं बोलणंही नव्हे. द्यूतसभेत द्रौपदीला ओढून आणल्यावर तिची वस्त्रं फेडायला दुःशासनाला सांगणारा आवाज कर्णाचा होता. एक बाई पणाला लावली गेली, वस्तू म्हणून हरली गेली, आणि हा त्यात बोलला. आता २८९८ मधली सुमती बघा. तिला नाव नव्हतं, एसयूएम-८० हा नंबर होता. तिच्यावर इनाम लावलंय आणि काँप्लेक्समध्ये, म्हणजे यास्किनच्या तरंगत्या श्रीमंत नगरीत, जायला मिळावं म्हणून ते इनाम मिळवायला धावतोय कोण? भैरव. पुन्हा तीच सभा आणि पुन्हा एक बाई पणाला. पहिल्या भागाच्या शेवटी भैरव सुमतीला उचलून पसार होतो आणि अश्वत्थामा त्याच्या मागे, हा शेवट मला म्हणूनच अचूक वाटला. कर्ण जागा झाला म्हणून तो सुधारला असं नाही. धनुष्य हातात आलं तेवढ्यापुरता तो कर्ण होता, नंतर परत सुपारी घेतलेला भैरव.

म्हणून तुमच्या चौथ्या प्रश्नाला माझं उत्तर: दुसऱ्या भागाचा बराचसा वेळ तो नायक नसेल. आणि नसावाच.

इथे आपल्याकडच्या प्रेक्षकाची एक अडचण आहे. मराठी माणसाचा कर्ण ‘मृत्युंजय’मधून आलेला असतो. शाळेत असताना वाचला, रडलो, आणि तेव्हापासून कर्णावर कुणी बोट ठेवलं की आपल्यालाच लागतं. गंमत म्हणजे १९६७ या एकाच वर्षी ‘मृत्युंजय’ही आलं आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही. बाईंनी कर्णाचं दुःख समजून घेतलं, पण त्याला सूट दिली नाही. मी पहिलं सोळाव्या वर्षी वाचलं, दुसरं तिशीनंतर, आणि आता दुसऱ्या भागात मला बाईंचा कर्ण हवाय. पहिल्या भागात कर्ण रथावर उभा राहिला तेव्हा आमच्या थिएटरात ज्या शिट्ट्या पडल्या, त्या पाहता निर्मात्यांना ‘मृत्युंजय’मधला कर्ण जास्त सोयीचा आहे, हेही मला कळतं. खरी ओढाताण इथेच आहे. सुमती कोण होणार हा प्रश्न त्यापुढे किरकोळ.

सिनेमातली कर्ण आणि अश्वत्थामा यांची भांडणं काही लोकांना ओढूनताणून आणल्यासारखी वाटली. तसं नाही. द्रोणपर्वात कर्ण कृपाचार्यांना जीभ छाटण्याची धमकी देतो तेव्हा अश्वत्थामा तलवार उपसून त्याच्यावर धावतो. कृप म्हणजे त्याचा सख्खा मामा. दुर्योधन मध्ये पडला म्हणून निभावलं. विराटपर्वातही कर्णाच्या बढाया ऐकून अश्वत्थामा त्याला चांगलंच सुनावतो. दोघे एकाच पक्षाचे, दोघेही कौरवांचे सेनापती झालेले. कर्ण सोळाव्या-सतराव्या दिवशी, अश्वत्थामा सगळं संपल्यावर, दुर्योधन मांडी मोडून पडलेला असताना. विष्णूच्या शेवटच्या अवताराचं रक्षण हरलेल्या बाजूच्या या दोन सेनापतींवर यावं, ही या सिनेमाची सगळ्यात चांगली कल्पना आहे. उडत्या गाड्या आणि लेझर तर कुणीही दाखवेल.

मग भैरव बदलणार कधी? माझा अंदाज असा की यास्किन त्याला अंगदेश देऊ करेल. म्हणजे शब्दशः नव्हे. पण रंगभूमीत, म्हणजे राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यात, कर्णाला कुळ विचारलं गेलं तेव्हा दुर्योधनाने उठून राज्य दिलं आणि माणूस जन्मभरासाठी बांधून घेतला. काशीच्या धुळीत युनिट (तिथलं चलन) मोजत जगणाऱ्या भैरवाला वर तरंगणाऱ्या काँप्लेक्सचं दार उघडून देणं म्हणजे तोच सौदा. उद्योगपर्वात कृष्णानेही कर्णाला सांगून पाहिलं होतं की तू कुंतीचा थोरला, राज्य तुझं. तेव्हा तो नाही म्हणाला, मित्राच्या ऋणापायी. या वेळी त्याला दुर्योधनाला नाही म्हणायचंय. कमल हासन आणि प्रभास समोरासमोर, मध्ये एकही स्फोट नाही, असा दहा मिनिटांचा प्रसंग लिहिता आला तर मी तिकिटाचे पैसे दोनदा देईन. पहिल्या भागात कमल हासन जेमतेम काही मिनिटं दिसला, त्याची भरपाईही होईल.

आता सुमती. नवी नटी घेतील, काही वर्षं पुढे उडी मारतील, किंवा पाठमोरी दाखवून तिला मारून टाकतील, असे तीन तर्क सगळीकडे फिरतायत. तिसरा झाला तर मला वाईट वाटेल, कारण मग ती खरंच नंबरच ठरली. मला चौथा रस्ता दिसतो आणि तो भागवतातच आहे. देवकीचा सातवा गर्भ योगमायेने काढून रोहिणीच्या उदरात ठेवला. गर्भ ओढून नेला म्हणून त्या मुलाचं, बलरामाचं, नाव संकर्षण. ज्या सिनेमाची अर्धी गोष्ट प्रयोगशाळेतल्या गर्भांवर उभी आहे, तिथे एका आईकडून दुसऱ्या आईकडे गर्भ जाणं हे चमत्कार म्हणूनही बसतं आणि विज्ञान म्हणूनही. यास्किन तर कंसासारखाच वागतोय. नटी बदलण्याची अडचण कथेतच मुरवून टाकता येईल. ते असंच करतील असं माझं म्हणणं नाही. पण मी लेखक असतो तर आयती आलेली ही संधी सोडली नसती.

बापाचा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. कल्की विष्णुयशाच्या घरी जन्मेल असं भागवत सांगतं, आणि कल्कीपुराणात आईचं नाव सुमती आहे. सुमती मिळाली, कल्कीचं गाव शंभाला मिळालं. विष्णुयशा कुठाय? गर्भधारणा प्रयोगशाळेत झालीय म्हणून ही जागा रिकामी सोडलीय की मुद्दाम झाकून ठेवलीय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कल्की मोठा झालेला दिसेल का? मला नाही वाटत. फार तर शेवटच्या चौकटीत. पहिल्या भागात कृष्णाचा चेहरासुद्धा सावलीत ठेवला होता. देवाला चेहरा द्यायची घाई या दिग्दर्शकाला नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. शिवाय कल्कीपुराणात कल्की थेट लढायला जात नाही, आधी परशुरामाकडे शिकायला जातो. आता जरा थांबून विचार करा. हाच परशुराम कर्णाचा गुरू. विजय धनुष्य कर्णाला त्याच्याकडूनच मिळालं, आणि ऐनवेळी विद्या विसरशील हा शापही त्याचाच. पुढच्या भागात परशुराम आला तर तो पाहुणा म्हणून येऊन जाणारा नसेल, कर्णाचं सगळ्यात जुनं खातं उघडणारा असेल. चिपळूणच्या मंडळींनी थिएटरं आत्ताच धरून ठेवावीत.

बुज्जीबद्दलही, म्हणजे भैरवाच्या बोलणाऱ्या गाडीबद्दल, एक वात्रट तर्क करतो. कल्कीपुराणात शंकर कल्कीला तलवारीखेरीज दोन गोष्टी देतो: हवं तिथे जाणारा, हवी ती रूपं घेणारा घोडा आणि सगळं जाणणारा पोपट. रूप बदलणारी गाडी आणि तिच्यात बसलेला सर्वज्ञ, तोंडाळ आवाज. बघा जुळतंय का.

यास्किन आणि गांडीवाकडे येतो. सुमतीच्या गर्भातून काढलेल्या द्रवाचा एक थेंब अंगात गेला, शरीर ताठ झालं, आणि त्याने अर्जुनाचं धनुष्य उचललं. ‘आता हा अजिंक्य’ असं बरेच जण धरून चाललेत. पण मौसल पर्व काढून बघा. कृष्ण गेल्यानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर काठ्या घेऊन तुटून पडतात. तेव्हा त्याला गांडीवाला दोरी चढवता चढवता घाम फुटतो आणि अस्त्रं आठवत नाहीत. धनुष्य तेच होतं, हातही तेच होते, फक्त कृष्ण नव्हता. गांडीव कृष्णाशिवाय निव्वळ लाकूड आहे, हे व्यासांनी लिहून ठेवलंय. यास्किनला थेंब मिळालाय, कृष्ण मिळालेला नाही. थेंबाचा असर उतरेल किंवा गर्भातला तो जन्म घेईल, त्या क्षणी ते धनुष्य त्याच्या हातात जड होणार, ही माझी पैज.

एक प्रश्न तरीही राहतो आणि याबाबत मी दिग्दर्शकावर थोडा नाराज आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांना अग्नी वाटेत अडवतो, गांडीव वरुणाला परत मागतो, आणि अर्जुन ते पाण्यात टाकतो. मग ते कुणी बाहेर काढलं? आटलेल्या गंगेच्या जगात समुद्रही आटला म्हणून सापडलं, असं एका वाक्यात सांगितलं तरी मी खूश होईन. नाही सांगितलं तर मात्र फक्त टाळ्यांसाठी आणलं असं म्हणावं लागेल.

कलियुगाला सहा हजार वर्षं होतात म्हणायचं तर २८९८ हे साल बसतं का, अशी शंका काही जणांनी काढली होती, तिचं उत्तर लगेच देऊन टाकतो. २८९८ च्या पाडव्याला शके २८२० लागेल. आपल्या पंचांगाच्या रीतीने त्यात ३१७९ मिळवले की ५९९९ गतकली (कलियुगाची सरलेली वर्षं), म्हणजे कलियुगाचं सहा हजारावं वर्ष चालू. हिशेब चोख आहे. फक्त कलियुग ४,३२,००० वर्षांचं धरलं तर तोवर दीड टक्काही सरलेलं नसेल. दर पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘कलियुगे प्रथमचरणे’ म्हणतात, ते तेव्हाही तसंच म्हणत असतील. कल्की एवढा लवकर का आला याचं उत्तर सिनेमाने दिलेलं नाही. मला ते चुकीपेक्षा राखून ठेवलेलं पान वाटतं.

शेवटी पाहुण्यांचं. पहिल्या भागात ते अती झाले. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी ओळखीचा चेहरा डोकावायचा आणि गोष्ट थांबायची. पूर्वार्ध त्यामुळेच रेंगाळला. एकच पाहुणा मला मनापासून हवाय आणि त्याचं नाव मी कुठल्याही यादीत पाहिलेलं नाही. सप्त चिरंजीवांचा श्लोक म्हणा: अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. यातले कृपाचार्य भर रंगभूमीत कर्णाला कुळ विचारणारे, आणि पुढे त्याच कर्णाकडून अपमान झालेले. त्या रात्रीच्या हत्याकांडात भाच्याबरोबर दारात उभे राहिलेलेही तेच. ते जिवंत आहेत. अश्वत्थाम्याइतकंच त्यांनाही हे सगळं आठवत असणार. भैरवाला त्यांनी पुन्हा एकदा ‘तू कोणाचा?’ असं विचारावं आणि या वेळी त्याच्याकडे उत्तर असावं, एवढीच माझी मागणी आहे.