अँटी-फॉरेन्सिक्स शिकतोयस? आधी एवढं कर

अरे, अँटी-फॉरेन्सिक्स म्हणजे डिजिटल पुरावे लपवायच्या-पुसायच्या युक्त्या. त्या पकडायला शिकायचंय तर टूल्सची यादी नको मागूस लगेच, सुरुवातीला तीनचारच गोष्टी पक्क्या कर.

पहिली म्हणजे ओरिजिनल ड्राइव्हला हात लावायचा नाही. राइट ब्लॉकर (ड्राइव्हवर काहीही लिहू न देणारं साधन) लाव, इमेज (ड्राइव्हची हुबेहूब कॉपी) घे, हॅश (डेटाचा डिजिटल ठसा) काढ आणि मग कॉपीवरच काय ते खेळ. मी सुरुवातीला एक पेनड्राइव्ह तसाच विंडोजला लावला होता, लगेच त्यात 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' फोल्डर तयार, तारीख त्याच दिवशीची! म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ मीच केलेली 😅 आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये (डिजिटल पुरावा कोर्टात देताना लागतं ते) हॅश लिहावाच लागतो.

दुसरी, फाइलच्या तारखेवर विश्वास नको. एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल सिस्टिम) एमएफटीत, म्हणजे फाइल्सच्या नोंदींच्या तक्त्यात, तारखांचे दोन संच असतात, टाइमस्टॉम्पिंगवाले (मुद्दाम तारखा बदलणारे) बहुतेक वेळा एकच बदलतात, दुसरा तसाच राहतो, दोन्ही शेजारी ठेवून बघ. वायपर (फाइल कायमची पुसणारा प्रोग्राम) चालवला असेल तर फाइल जाते पण तो चालवल्याची नोंद प्रीफेचमध्ये (विंडोज चालवलेल्या प्रोग्राम्सच्या फाइल्स ठेवतं तिथे) बऱ्याचदा सापडते.

एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेली जागा ड्राइव्हला मोकळी करायला सांगणारी सोय) चालू असेल तर डिलीट झालेलं परत मिळेलच असं धरू नकोस, हार्ड डिस्कची सवय इथे चालत नाही.

आणि सगळ्यात कॉमन चूक: एन्क्रिप्शन दिसलं की लगेच 'काहीतरी लपवतोय' असं रिपोर्टात लिहून मोकळं व्हायचं. अरे, आजकाल फोन मुळातच एन्क्रिप्टेड येतात, जुना लॅपटॉप विकताना शहाणा माणूस डिस्क पुसतोच. काय दिसलं तेवढंच लिही, हेतू कोर्ट ठरवेल.

मेमरी डंप (चालू मशीनच्या रॅमची कॉपी) वगैरे नंतर बघू, आधी स्वतःच्याच पेनड्राइव्हची इमेज घेऊन बघ.