तुर्कस्तान आणि युरोपीय महासंघ: घोडं अडलं कुठे?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे, इस्तंबूलचा मोठा भाग युरोपात येतो, मग युरोपीय महासंघ त्यांना सदस्य का करून घेत नाही, केवळ मुस्लिम देश म्हणून का? आणि कालपरवा अर्ज केलेल्या युक्रेनला पायघड्या कशा? आतापर्यंतच्या उत्तरांत निम्म्यांनी 'धर्म, दुसरं काय' म्हटलंय आणि उरलेल्यांनी सगळं खापर राष्ट्राध्यक्ष एर्दोगन यांच्या डोक्यावर फोडलंय. मी २००३ पासून जर्मनीत कोलोनला राहतो. इमारतीत, कामावर, भाजीच्या दुकानात तुर्की माणसं आहेत. हा वाद मी वर्तमानपत्रांत जितका वाचलाय, तितकाच जिन्यात उभं राहून ऐकलाय.

माझं मत आधी सांगतो. धर्म हे कारण आहे, पण एकट्या धर्माने हे अडलेलं नाही. घोडं अडलं सायप्रस बेटापाशी, आणि ते तिथेच अडून राहणं पुढे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना सोयीचं झालं. भुर्दंड पडला तो तुर्कस्तानातल्याच माणसांना, ज्यांनी महासंघाच्या अटींच्या भरवशावर आपल्या सरकारकडे कायद्याचं राज्य मागितलं होतं.

हे भिजत घोंगडं किती जुनं आहे ते बघा. १२ सप्टेंबर १९६३ रोजी तुर्कस्तान आणि युरोपीय आर्थिक समुदाय, म्हणजे महासंघाचं आधीचं रूप, यांच्यात अंकारा करार झाला. तेव्हा समुदायात सहाच देश होते, ब्रिटनसुद्धा बाहेर होता. समुदायाच्या आयोगाचे अध्यक्ष वाल्टर हालश्टाईन यांनी त्या वेळी तुर्कस्तान हा युरोपचा भाग आहे असं स्वच्छ सांगितलं, आणि पुढे सदस्यत्वाचा विचार करता येईल असं कलम करारातच घातलं गेलं. १९८७ मध्ये तुर्गुत ओझाल यांच्या सरकारने रीतसर अर्ज केला. त्याच वर्षी मोरोक्कोनेही केला होता. मोरोक्कोला 'तुम्ही युरोपात येत नाही' म्हणून परत पाठवलं. तुर्कस्तानला तसं कोणी म्हटलं नाही, १९८९ मध्ये 'आत्ता नको' एवढंच कळवलं. त्यामुळे भूगोलाचा मुद्दा आज काढण्यात अर्थ नाही, कागदोपत्री तो तेव्हाच निकालात निघाला. १९९५ च्या अखेरीस कस्टम्स युनियन, म्हणजे कारखान्याच्या मालावर आपसात जकात नाही अशी व्यवस्था, झाली, १९९७ मध्ये लक्झेंबर्गच्या परिषदेत उमेदवारांच्या यादीतून तुर्कस्तानला वगळलं, आणि डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकीला यादीत घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इझमितला भीषण भूकंप झाला होता. ग्रीसची बचाव पथकं धावून गेली, तीन आठवड्यांनी अथेन्स हादरलं तेव्हा तुर्की पथकं तिकडे गेली. हेलसिंकीत ग्रीसने आडकाठी केली नाही, त्यात या दिवसांचाही वाटा होता.

पुढची पाच-सहा वर्षं मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटतात. ऑगस्ट २००२ मध्ये तुर्की संसदेने शांतताकाळातली फाशी रद्द केली. तेव्हा कुर्दी बंडखोरांचा नेता अब्दुल्ला ओजलान कैदेत होता आणि त्याला फाशीची शिक्षा झालेली होती. हजारो सैनिकांच्या घरच्यांचा राग त्याच्यावर होता, तरी संसदेने हे केलं, कारण महासंघाची ती अट होती. कुर्दी भाषेला प्रसारणाची परवानगी मिळाली आणि २००४ मध्ये सरकारी वाहिनीवर ती ऐकू आली. राज्य सुरक्षा न्यायालयं गेली. लष्कराचा राजकारणातला हात आखडता झाला. बाहेरून कोणीही बंदूक रोखलेली नव्हती. सदस्यत्वाची आशा एवढंच बळ होतं.

३ ऑक्टोबर २००५ चा दिवस मला लख्ख आठवतो. जर्मन एकीकरणाची सुट्टी होती. माझ्या वरच्या मजल्यावर एक वयस्क गृहस्थ राहायचे, मी त्यांना 'आम्जा' म्हणायचो, म्हणजे आपला काकाच. टीव्हीवर तुर्कस्तानशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या का यावरची लक्झेंबर्गची बैठक चालू होती, ऑस्ट्रिया शेवटपर्यंत हटून बसला होता, आणि तुर्की परराष्ट्रमंत्री अब्दुल्ला ग्युल मसुदा पक्का होईपर्यंत अंकाराहून निघायला तयार नव्हते. आम्जा १९६९ मध्ये इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनवरून म्युनिकच्या गाडीत बसले होते. निघण्याआधी तपासणीत जर्मन डॉक्टरांनी त्यांचे दात पाहिले होते. बैल घेताना बघतात तसे, असं म्हणत त्यांनी गालात बोट घालून मला ते दाखवलं होतं. वाटाघाटी सुरू होणार हे नक्की झाल्याची बातमी रात्री आली. आम्जांनी चहाचा ग्लास बशीत ठेवला आणि म्हणाले, "आता माझ्या नातवाचे दात कोणी बघणार नाही."

त्याच दिवशी, त्याच परिषदेत क्रोएशियाच्याही वाटाघाटींना मंजुरी मिळाली. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी सदस्य झाला. या वाटाघाटी विषयवार प्रकरणांत चालतात. तुर्कस्तानची ३५ पैकी १६ प्रकरणं उघडली आणि एकच, विज्ञान व संशोधनाचं, तात्पुरतं मिटलं. तेही २००६ मध्ये.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यातलं काही अगदी रास्त होतं. महासंघाच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या असं दुहेरी बहुमत लागतं. तुर्कस्तानची लोकसंख्या आज साडेआठ कोटींच्या घरात, म्हणजे जर्मनीच्या बरोबरीची किंवा थोडी जास्तच. नव्याने आलेला देश पहिल्याच दिवशी सर्वांत वजनदार ठरला असता. २००४ च्या सुमारास तिथले जवळपास एक तृतीयांश कामकरी शेतीवर होते, आणि महासंघाच्या खर्चाचा मोठा हिस्सा शेतीच्या अनुदानात जातो. फ्रान्स आणि पोलंडच्या शेतकऱ्यांना धास्ती वाटली तर त्यात नवल नाही.

पण धर्माचा मुद्दाही दबक्या आवाजात नव्हता, उघड छापून येत होता. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष आणि तेव्हा युरोपची राज्यघटना लिहिणाऱ्या मंडळाचे प्रमुख व्हालेरी जिस्कार देस्तँ यांनी २००२ मध्ये सांगितलं की तुर्कस्तानची राजधानी युरोपात नाही, ९५ टक्के लोक युरोपाबाहेर राहतात आणि तो देश आत आला तर युरोपीय महासंघ संपला. २००४ मध्ये महासंघाचे आयुक्त फ्रिट्स बोल्केस्टाईन यांनी युरोपच्या इस्लामीकरणाची भीती बोलून दाखवताना ऑटोमन तुर्कांनी घातलेला १६८३ चा व्हिएन्नाचा वेढा काढला आणि त्यातून झालेली व्हिएन्नाची मुक्ती फुकट जाईल असा सूर लावला. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा वेढा आजच्या गिरणीकामगाराच्या नातवाच्या आड आणायचा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

तरीही 'केवळ धर्म' असं मी म्हणत नाही, कारण अल्बानिया समोर आहे. मुस्लिम बहुसंख्य देश, २०१४ पासून उमेदवार, २०२२ मध्ये वाटाघाटी सुरू. लोकसंख्या जेमतेम तीस लाखांच्या आत. तुलनेने गरीब आणि मोठा असा पोलंडही महासंघाने २००४ मध्ये सामावून घेतला. मोठा, गरीब आणि मुस्लिम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा मतदारांपुढे जायची पुढाऱ्यांची छाती झाली नाही. जर्मनीच्या चान्सलर अंगेला मर्केल सदस्यत्वाऐवजी 'विशेष भागीदारी' म्हणत राहिल्या, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी २००७ नंतर पाच प्रकरणं रोखून धरली. वाटाघाटी रीतसर संपवण्याचा निर्णय मात्र कोणीच घेतला नाही.

सायप्रसकडे नीट बघितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करशहांच्या पाठिंब्याने तिथे बंड झालं, तुर्कस्तानने सैन्य उतरवलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले, उत्तर तुर्की सायप्रसींची आणि दक्षिण ग्रीक सायप्रसींची. उत्तरेकडच्या राज्याला तुर्कस्तानाखेरीज कोणाचीही मान्यता नाही. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरणाच्या योजनेवर २४ एप्रिलला दोन्हीकडे मतदान झालं. तुर्की सायप्रसी लोकांपैकी ६५ टक्क्यांनी होकार दिला, ग्रीक सायप्रसी लोकांपैकी ७६ टक्क्यांनी नकार. आणि पुढच्याच आठवड्यात, १ मे रोजी, नकार देणारी बाजू महासंघाची सदस्य झाली. होकार देणारी बाहेर. उत्तरेचा कोंडमारा संपवू, थेट व्यापार सुरू करू, असं आश्वासन महासंघाने मतदानानंतर दोनच दिवसांनी दिलं होतं. सायप्रस आत आल्यावर ते तिथेच अडकलं. उत्तरेच्या राजधानीतल्या, उत्तर निकोसियातल्या माणसाच्या तोंडाला सरळ सरळ पानं पुसली गेली.

तुर्कस्ताननेही हट्ट सोडला नाही. कस्टम्स युनियन नव्या सदस्यांना लागू करण्याच्या कागदावर सही केली, पण सायप्रसच्या जहाजांना बंदरं उघडली नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये महासंघाने आठ प्रकरणं गोठवली. २००९ मध्ये सायप्रसने आणखी सहा अडवली. इथे नियम लक्षात घ्या: प्रत्येक प्रकरण उघडायला आणि मिटवायलाही सर्व सदस्य देशांची संमती लागते. एका देशाने मारलेली पाचर बाकीच्यांना काढता येत नाही.

त्या सहांत कोणती प्रकरणं होती ते बघा. २३ वं आणि २४ वं. म्हणजे न्यायव्यवस्था व मूलभूत हक्क, आणि न्याय, स्वातंत्र्य व सुरक्षा. बाल्कन देशांबाबत महासंघाने पुढे असा शिरस्ता घातला की ही दोन प्रकरणं सर्वांत आधी उघडायची आणि सर्वांत शेवटी मिटवायची, कारण तिथेच लोकशाहीचा कस लागतो. तुर्कस्तानबाबत ती कधी उघडलीच नाहीत. न्यायालयं स्वतंत्र नाहीत म्हणून ठपका ठेवायचा, आणि न्यायालयांबद्दल टेबलावर बसून बोलायचं प्रकरण कुलपात ठेवायचं. या सगळ्यातली ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही.

याचा अर्थ तुर्की सरकारचा दोष कमी होत नाही. 'तुर्कत्वाचा अपमान' या ३०१ कलमाखाली कादंबरीकार ओरहान पामुक यांच्यावर खटला भरला गेला. त्याच कलमाखाली दोषी ठरवलेले आर्मेनियन वंशाचे संपादक ह्रांत दिंक यांची १९ जानेवारी २००७ ला इस्तंबूलमध्ये, त्यांच्या कचेरीसमोर गोळ्या घालून हत्या झाली. २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर एक लाखाहून अधिक सरकारी नोकरांना काढलं गेलं. त्यात शिक्षक होते, न्यायाधीश होते. नागरी संघटनांचं काम करणारे उस्मान कवाला २०१७ पासून तुरुंगात. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये सोडा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. मार्च २०२५ मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोलू यांना अटक झाली. २००४ मध्ये यातल्या एखाद्या गोष्टीवर ब्रसेल्सहून खलिता आला असता तर अंकाराला तो झेलावा लागला असता. आता तसा धाक उरलेला नाही, आणि तो घालवण्यात दोघांचाही हात आहे.

सामान्य माणसाला हे कसं जाणवतं, ते एकदा डोळ्यांनी पाहिलंय. एका तुर्की सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर मी गाडीने कोलोनहून एदिर्नेला गेलो होतो. ऑस्ट्रिया, हंगेरी, सर्बिया, बल्गेरिया असा हा रस्ता. ते त्याला 'सिला योलू' म्हणतात, गावाकडची वाट. परतताना बल्गेरियाच्या सीमेवरच्या कापिकुलेच्या नाक्यावर ट्रकची रांग नजर पोचेल तिथवर होती. ट्रकच्या बगलेला लोखंडी पेटी असते, तिचं झाकण खाली पाडलं की टेबल होतं. त्यावर छोटी शेगडी, दोन मजली चहाची किटली, टोमॅटो, ऑलिव्ह. एका चालकाने आम्हाला चहा पाजला. त्याच्या ट्रकमधले कारखान्याचे सुटे भाग कस्टम्स युनियनमुळे जकातीविना आत जाणार होते. त्याला स्वतःला मात्र व्हिसा, आणि ट्रकला वाटेतल्या देशांचे मोजून मिळणारे परवाने. मालाला दार उघडं, माल नेणाऱ्याला बंद. जर्मन पर्यटक तुर्कस्तानात अंतल्याला नुसतं ओळखपत्र दाखवून उतरतो. सहकाऱ्याच्या आईवडिलांना नातवाच्या बारशासारख्या घरगुती समारंभाला कोलोनला यायचं होतं, त्यांना व्हिसाची तारीखच वेळेत मिळाली नाही. शेंगेनच्या तारखेसाठी मुंबईत ताटकळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

२०१६ च्या ब्रेक्झिट प्रचारात, म्हणजे ब्रिटनने महासंघातून बाहेर पडावं या प्रचारात, 'तुर्कस्तान महासंघात येतोय' अशी भित्तिपत्रकं लागली होती, वरच्या एका उत्तरात त्याचा उल्लेख आहे. ते निखालस खोटं होतं. त्या घडीला एक प्रकरण मिटलेलं होतं, आणि ब्रिटनकडे स्वतःचा नकाराधिकार होता.

आता युक्रेन. २८ फेब्रुवारी २०२२ ला अर्ज, २३ जूनला उमेदवारी. तुर्कस्तानला याच टप्प्याला बारा वर्षं लागली. तुर्की मित्रांना हे झोंबतं आणि ते मला समजतं. पण युक्रेनची उमेदवारी युद्धामुळे आली आणि पुढची वाट तीच आहे, तीच ३५ प्रकरणं आणि प्रत्येक देशाची संमती. तिथेही पाचर मारणारे आहेत.

पुढच्या काही वर्षांत तुर्कस्तान पूर्ण सदस्य होईल असं मला वाटत नाही. जून २०१८ मध्ये मंत्रिपरिषदेनेच वाटाघाटी ठप्प झाल्याचं लिहून टाकलंय. लक्ष ठेवायचं असेल तर तीन ठिकाणी ठेवा. कस्टम्स युनियनमध्ये शेतीमाल आणि सेवा येतात का. सध्या महासंघ तिसऱ्या देशाशी व्यापार करार करतो तेव्हा तुर्कस्तानला जकात उतरवावी लागते, पण त्या देशात तुर्की मालाला सवलत आपोआप मिळत नाही. दुसरं, तुर्की नागरिकांना व्हिसा माफ करण्याच्या ७२ अटींपैकी उरलेल्या, विशेषतः दहशतवादविरोधी कायदा बदलण्याची. आणि तिसरं उत्तर निकोसिया. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या लोकांनी बेटाचे दोन्ही भाग जोडणाऱ्या संघराज्याच्या बाजूने बोलणाऱ्या तुफान एर्ह्युर्मान यांना अध्यक्ष म्हणून मोठ्या फरकाने निवडून दिलंय. २००४ मध्ये होकार देऊनही हात हलवत परतलेल्या त्याच लोकांनी.