लवकर निवृत्ती आणि घरातल्या सगळ्यांची वये

या वेळच्या पत्रांतली बरीचशी पत्रे पन्नाशीच्या आत नोकरी सोडू पाहणाऱ्यांची आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने स्वतःचे वय पहिल्या ओळीत लिहून मुलांची वये मात्र शेवटी, ताजा कलम म्हणून कळवली आहेत. माझ्या हिशेबात क्रम उलटा लागतो.

प्रश्न : माझे वय 36, पत्नीचे 34. दोघेही आयटीत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन. महिन्याचा खर्च 75 हजार असून म्युच्युअल फंड आणि पीएफ मिळून 60 लाख जमले आहेत. वार्षिक खर्चाच्या 25 पट रक्कम झाली की थांबता येते असे वाचले. म्हणजे सव्वादोन कोटींवर 48व्या वर्षी दोघांना नोकरी सोडता येईल का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : नाही. 25 पटीचा हा आडाखा विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने 1994 मध्ये केलेल्या मांडणीतून आला आहे. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या 4 टक्के काढायचे आणि पुढे महागाईइतकी वाढ करीत जायचे, तर पैसा 30 वर्षे पुरतो का, हे त्याने अमेरिकेतील शेअर आणि सरकारी रोख्यांच्या जुन्या आकड्यांवर तपासले होते. तुम्ही 48व्या वर्षी थांबाल तेव्हा पत्नी 46 वर्षांच्या असतील, आणि त्या नव्वदीपर्यंत जगतील असे धरले तर पैसा 44 वर्षे पुरायला हवा. शिवाय देश वेगळा आणि महागाईही वेगळी. म्हणून मी 25च्या जागी निदान 33 पट धरतो.

दुसरी गोष्ट अशी, की नऊ लाख हा आजचा वार्षिक खर्च आहे. महागाई 6 टक्के धरली तर बारा वर्षांनी तोच खर्च सुमारे 18 लाख होतो आणि त्याची 33 पट जवळपास सहा कोटी भरते. तुमचे 60 लाख वर्षाला 10 टक्क्यांनी वाढले तर तोवर एक कोटी 90 लाखांच्या आसपास जातील. उरलेले चार कोटी दहा लाख उभे करायचे, तर आजपासून महिन्याला एक लाख पाच-दहा हजार गुंतवावे लागतील आणि ती रक्कम दर वर्षी 8 टक्क्यांनी वाढवीत न्यावी लागेल. हे दहा टक्के कोणी लिहून दिलेले नाहीत, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही पाठवलेला खर्चाचा तक्ता मी दोनदा वाचला. त्यात किराणा आहे, शाळेची व्हॅन आहे, पेट्रोल आहे, कामाच्या मावशींचा पगार आहे, ओटीटीचे 299 रुपयेसुद्धा आहेत. पण दिवाळी नाही. गाडीचा विमा, जूनमध्ये एकरकमी भरायची शाळेची फी, मे महिन्यातली गावची फेरी, घरातली लग्नकार्ये आणि आहेर यांपैकी काहीच नाही, कारण हा तक्ता फेब्रुवारी महिन्याचा आहे. बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट समोर घेऊन पुन्हा बेरीज करा. आकडा 85-90 हजारांवर गेला तर मला नवल वाटणार नाही, आणि मग वरचे सहा कोटीही त्याच प्रमाणात वाढतील.

आता मुलांकडे येऊ. तुम्ही 48चे व्हाल तेव्हा मुलगा 19 वर्षांचा, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असेल आणि मुलगी 15 वर्षांची, दहावीला. घरातली सर्वांत खर्चिक सहा-सात वर्षे तुमच्या निवृत्तीनंतर सुरू होतात. तो पैसा सहा कोटींच्या बाहेर, वेगळा ठेवावा लागेल. माझा सल्ला असा, की दोघांनी एकाच दिवशी थांबण्याचा हट्ट सोडावा. एकाने 48व्या वर्षी थांबावे आणि दुसऱ्याने आणखी सहा वर्षे काम करावे. तोवर मुलगी 21 वर्षांची झालेली असेल, शिक्षणाचा खर्च चालू पगारातून भागेल आणि जमा रकमेला हातही लागणार नाही. कोणी थांबायचे हे मी सांगणार नाही; मात्र पत्रातल्या सुरावरून ते तुम्ही मनाशी ठरवलेले दिसते. पत्नीला विचारून पाहा.

शेअर बाजाराविषयीही थोडे सांगतो. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर होता, ऑक्टोबरमध्ये तो 8 हजारांच्या खाली आला आणि पुन्हा 21 हजारांवर पोहोचायला नोव्हेंबर 2010 उजाडला. पगार चालू असलेल्यांनी तो काळ निभावून नेला. ज्याने 2007च्या अखेरीस नोकरी सोडली आणि घरखर्चासाठी दर महिन्याला युनिट विकली, त्याची ती युनिट मात्र कायमची गेली. म्हणून थांबण्यापूर्वी चार-पाच वर्षांचा खर्च मुदत ठेवी आणि अल्प मुदतीच्या डेट फंडांत, म्हणजे रोख्यांत पैसा लावणाऱ्या फंडांत, आलेला असावा. फंडातली गुंतवणूक दोघांच्या नावावर, ज्याच्या त्याच्या पगारातून करा. इक्विटीवरील, म्हणजे शेअर आणि शेअरच्या फंडांवरील, दीर्घ मुदतीच्या नफ्यापैकी वर्षाला सव्वा लाखापर्यंतची रक्कम प्रत्येकाला करमुक्त असते आणि त्यापुढे साडेबारा टक्के कर लागतो.

पीएफसोबतच्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनवर मोठी मदार ठेवू नका. वेतनमर्यादा 15 हजारांची धरून 22 वर्षांच्या सेवेचे पेन्शन महिना पाच हजारांच्या वर क्वचितच जाते, तेही वयाच्या 58व्या वर्षी. त्याआधी घेतले तर दर वर्षामागे 4 टक्के कपात होते.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या शिक्षणासाठी महिना पाच हजार रुपये सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत टाकावेत की एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम)? मला 50व्या वर्षी शिक्षिकेची नोकरी सोडायची आहे. आता वय 38. (नाशिक)

उत्तर : व्याजदरापेक्षा कोणता पैसा कधी सुटतो हे आधी पाहावे. सुकन्या खात्यात 15 वर्षे भरणा करायचा असतो आणि खाते उघडल्यापासून 21 वर्षांनी त्याची मुदत संपते. म्हणजे पूर्ण पैसा हाती येईल तेव्हा मुलगी 27 वर्षांची असेल. मधल्या काळात, ती 18 वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर, शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकेपैकी निम्मी रक्कम काढता येते. महिना पाच हजार आणि 8.2 टक्के व्याज धरले तर ती 18 वर्षांची होईल तेव्हा खात्यात साधारण 12 लाख असतील, त्यांपैकी हाती येतील सहा. आणि नेमक्या त्याच वर्षी तुम्ही 50च्या होऊन नोकरी सोडणार आहात.

सुकन्या वाईट नाही. व्याज करमुक्त आहे आणि खाते सहजी मोडता येत नाही, हा आपल्याकडे मोठाच गुण समजावा. पण पाच हजारांतले दोन हजार तिथे आणि तीन हजार इंडेक्स फंडाच्या (शेअर निर्देशांकाप्रमाणे पैसा लावणाऱ्या फंडाच्या) एसआयपीत, अशी विभागणी मी करीन आणि मुलगी नववीत गेली की फंडातली रक्कम टप्प्याटप्प्याने बँकेत आणीन. तुमचे स्वतःचे पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते 2014-15 या आर्थिक वर्षातले असल्याचे कळवले आहे. त्याची मुदत 1 एप्रिल 2030 रोजी संपते. ते तेव्हा बंद न करता पाच वर्षांसाठी वाढवा.

प्रश्न : यजमान 43 वर्षांचे असून दोन वर्षांत नोकरी सोडणार म्हणतात. पुरेसे पैसे आहेत असे सांगतात, पण किती आणि कुठे, ते मला माहीत नाही. मी गृहिणी आहे. सासरे 72, सासूबाई 68, सासऱ्यांना मधुमेह. घरकर्जाची सहा वर्षे बाकी. मी काय विचारावे? (सांगली)

उत्तर : पहिला प्रश्न आरोग्य विम्याचा विचारा. सध्या सासू-सासऱ्यांसह सगळे कंपनीच्या गट विम्यात असतील, तर राजीनाम्याबरोबर ते कवच जाते. स्वतःच्या नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. सासऱ्यांच्या वयामुळे हप्ता जड वाटेल. नवीन पॉलिसी मिळणे कठीण झाले तर गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी वेळेत अर्ज करावा.

दुसरा प्रश्न कर्जाचा आहे. पगार थांबल्यावर चार वर्षे हप्ता भरायचा म्हणजे बाजार पडलेला असताना गुंतवणूक विकून बँकेला देण्याची वेळ येऊ शकते. कर्ज आधी फिटावे आणि मग राजीनामा द्यावा, एवढा आग्रह तुम्ही धरू शकता.

तिसरे, एका रविवारी दुपारी यजमानांसोबत बसा आणि चौकटीच्या वहीत उभे रकाने आखा : वर्ष, यजमान, तुम्ही, मुले, सासरे, सासूबाई. पुढची वीस वर्षे आणि त्या-त्या वर्षीची प्रत्येकाची वये भरा; शेवटच्या रकान्यात त्या वर्षी कोणती ठेव वा पॉलिसी सुटते ते लिहा. तो रकाना भरताना किती आणि कुठे हे आपोआप कळेल, आणि ‘तुला काय कळतंय’ या वाक्याला जागा उरणार नाही. टर्म इन्शुरन्स (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा) नसेल तर तो विवाहित महिला मालमत्ता कायदा, 1874 नुसार घ्यायला सांगा. तशा पॉलिसीची रक्कम पत्नी आणि मुलांसाठी राखीव राहते, यजमान ज्यांचे पैसे देणे लागतात त्यांना त्यावर हात टाकता येत नाही.

प्रश्न : निवृत्तीसाठी गावाजवळ तीन एनए (बिगरशेती) प्लॉट घेतले आहेत. आणखी काही लागेल का? (रत्नागिरी)

उत्तर : लागेल. मुलाच्या फीसाठी प्लॉटचा कोपरा विकता येत नाही. एक प्लॉट विकून रोखीत आणा.

प्रश्न : मी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, वय 41. पत्नी गोव्यातच असते, मुलगा 11 वर्षांचा. सगळी बचत एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) मुदत ठेवींत आहे. 46व्या वर्षी कायमचा घरी यायचा विचार आहे. (मडगाव)

उत्तर : दोन करारांच्या मधल्या महिन्यांत पगाराविना घर कसे चालते हे तुमच्या पत्नीला पक्के ठाऊक आहे. त्यामुळे खर्चाचा तुम्ही दिलेला आकडा मला विश्वासार्ह वाटतो. अडचण वेगळी आहे. एनआरई ठेवींचे व्याज तुम्ही अनिवासी आहात तोवरच करमुक्त असते. कायमचे परतल्यावर बँकेला कळवून खाते निवासी करून घ्यावे लागते आणि पुढचे व्याज करपात्र होते. म्हणजे आज दिसणारा परतावा 46व्या वर्षी आपोआप घटणार आहे. शिवाय सगळी बचत ठेवींत असल्यामुळे पुढच्या चाळीस वर्षांच्या महागाईला तोंड द्यायला त्यात काहीच नाही. तिसरा हिस्सा तरी आतापासून हप्त्याहप्त्याने इक्विटी फंडात न्यावा.

46 हे वर्षही मी 44 धरून हिशेब करीन. जहाजावरची नोकरी वैद्यकीय तपासणीवर अवलंबून असते आणि ती दर दोन वर्षांनी तरी द्यावीच लागते. एखाद्या वेळी रक्तदाबाचा आकडा आडवा आला की निवृत्तीची तारीख डॉक्टर ठरवतो.

अनिवासी असल्याने तुम्हाला नवे पीपीएफ खाते उघडता येणार नाही, पण पत्नीला येते. तुम्ही दिलेल्या पैशांतून त्यांनी वर्षाला दीड लाख भरले तरी व्याज करमुक्तच असल्यामुळे ते तुमच्या उत्पन्नात धरले गेल्याने फरक पडत नाही. सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते, तेव्हा मुलगा 17 वर्षांचा असेल. वर्षाचा भरणा एकरकमी करणार असाल तर 5 एप्रिलच्या आत करा. त्यानंतर भरलेल्या पैशांवर एप्रिलचे व्याज मिळत नाही.